आर्मिनच्या पायाशी दहाजण

मी हातात पळी घेऊन उभी होते आणि तो माणूस पोरांना सांगत होता की तिसाकेर गावात आता एकही ज्यू उरलेला नाही.

इंग्रजीत सांगत होता. मला इंग्रजी येत नाही. माझी शाळा तिसरीत सुटली, म्हणजे मी सोडली नाही, आम्हाला गाडीत घालून छावणीत नेलं तेव्हा सुटली. पण शेजारी युडिट होती, पेश्तची, म्हणजे आमच्या राजधानीची, त्यांच्याबरोबर आलेली दुभाषी पोरगी. तिला विचारलं, "काय म्हणतोय गं?"

"काही नाही मावशी. इतिहास."

"इतिहास माझा मला ठाऊक आहे. शब्द सांग."

तिनं चपलांकडे बघत शब्द सांगितले.

मी पळी पातेल्यात अशी आपटली की थंड चेरीच्या सुपाचे शिंतोडे त्याच्या पांढऱ्या बुटांवर उडाले. "त्याला विचार," मी म्हटलं, "मी कोण आहे? आणि त्याच्या पाठीमागं बाकावर बसलेले ते पाचजण कोण आहेत? कबुतरं?"

बाकावर आमच्या गावचे पाच म्हातारे बसले होते, काळे कोट घालून, उन्हात. त्यांच्यातला मोरित्स आमच्या मंडळींचा अध्यक्ष. त्याला इंग्रजी थोडंफार येतं, पण तो टोपी सारखी करत गप्प बसला. अध्यक्षांचं काम तेवढंच असतं.

त्या माणसाचं नाव लिपकिन. चाळिशीचा, अमेरिकेतला, गळ्यात शिट्टी. दर उन्हाळ्यात सोळा-सतरा वर्षांची ज्यू पोरं घेऊन तो युरोपभर फिरतो. प्राग, क्राकुफ, मग आमचं गाव, मग पेश्त. आपले पणजोबा कुठे राहिले आणि कुठे मेले ते पोरांना दाखवायचं. सगळ्यांच्या अंगात एकसारखे निळे सदरे, हरवली तर ओळखू यावीत म्हणून. पोरं वाईट नसतात, हे मी आधीच सांगते. सकाळी छावणी, दुपारी दफनभूमी, संध्याकाळी आइस्क्रीम, असे तीन आठवडे काढल्यावर कोणाचाही चेहरा तसाच होईल. माझा राग पोरांवर नव्हता. माझा राग होता मुलग्यांच्या संख्येवर.

ते नीट सांगायला हवं.

माझा नवरा आर्मिन मागच्या उन्हाळ्यात गेला. आमच्यात मेलेल्याच्या नावानं कदिश म्हणतात. ती प्रार्थना दहा ज्यू पुरुष उभे असल्याशिवाय म्हणता येत नाही. नऊ असले तर पुस्तक मिटायचं आणि घरी जायचं. आर्मिननं चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मेलेल्यांसाठी दहा पुरुष जमवले. कोणाच्या बापाची तिथी आली की सायकलवर टांग टाकायचा आणि आसपासच्या तीन गावांतून एकेकाला उठवून आणायचा. एकाला तर अर्धी दाढी झालेली असताना आणला होता, दुसऱ्या गालावर साबण तसाच. आणि तो स्वतः गेला तेव्हा त्याच्या खड्ड्याशी आठ होते. आठ! माझे धाकटे दीर शांदोर पुस्तक उघडून उभे राहिले, इकडेतिकडे बघितलं, आणि मिटलं. त्या आवाजानं मी अजून रात्रीची जागी होते. तिथेच मी मातीला सांगितलं, आर्मिन, पहिल्या तिथीला तुझ्या पायाशी दहा उभे करीन. वर्षभरात त्या आठांतले चार गेले.

म्हणून मी हिवाळ्यातच युडिटच्या कचेरीत फोन केला. म्हटलं, पन्नास पोरांना जेवायला घालते. थंड चेरीचं सूप, खसखशीच्या शेवया, वर फ्लोदनी, अक्रोड-सफरचंद भरून भाजलेली आमची मिठाई, तीही चार थरांची. पैसा नको. तुमची बस बरोबर तिथीच्या दिवशी आणा आणि तेरा वर्षांवरचे मुलगे दहा मिनिटं दफनभूमीत उभे करा. तेराव्या वर्षी मुलगा आमच्यात पुरुष होतो, मग त्याला मिसरूड असो नसो.

"वीस तरी मुलगे असतील मावशी," युडिट फोनवर म्हणाली होती. "तुम्ही काळजीच करू नका."

मी काळजी केली नाही. दोन दिवस फ्लोदनी लाटली. माझ्या तिन्ही मुली आल्या, सातही नाती आल्या. जावई आले नाहीत. एक कॅथलिक, एक कॅल्व्हिनपंथी, आणि एक कुठे आहे ते माझ्या धाकटीलाही ठाऊक नाही. आले असते तरी काय उपयोग होता?

बस दोन तास उशिरा आली. दार उघडलं आणि मुली उतरायला लागल्या. मुली, मुली, अजून मुली. मी दारापाशीच उभी होते. माणसं आम्ही एक, दोन, तीन अशी मोजत नाही, त्यानं वाईट नजर लागते. एक नाही, दोन नाही, असं म्हणत जायचं. मी फक्त मुलगे धरत होते. एक नाही. दोन नाही. तीन नाही. चार नाही. मग ड्रायव्हर उतरला आणि सिगारेट पेटवली.

"युडिट!"

"मावशी, मुलग्यांची बस पुढे गेली. पेश्तला."

"का?"

"तिथे पाण्याच्या घसरगुंड्या आहेत ना... त्यांची वेळ आधीच घेऊन ठेवली होती."

घसरगुंड्या! आर्मिन एक वर्ष जमिनीत पडून वाट बघत होता, आणि पुरुष घसरगुंडीवर.

मी मनाशी हिशोब केला. बसमधले चार मुलगे. पाचवा लिपकिन. बाकावरचे आमचे पाच: मोरित्स, माझे दीर शांदोर, बहिरा विल्मोश, बेरनात आणि लायोश. झाले दहा. बरोबर दहा, एक जास्त नाही, एक कमी नाही. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, असू देत, मला बाजार भरवायचा नाही.

आणि तेवढ्यात तो एकही-ज्यू-नाहीचा इतिहास सुरू झाला.

पळी आपटल्यावर लिपकिन हसत माझ्याकडे आला. हात पुढे केला, मी पदार्थ वाढतेय असं दाखवलं. तो युडिटशी बराच वेळ बोलला.

"मावशी, ते म्हणतायत की तसं म्हणायचं नव्हतं. म्हणजे पूर्वीसारखं गाव उरलं नाही, असं. आणि ते म्हणतायत, जेवणाआधी तुम्ही मुलांना तुमची गोष्ट सांगा."

"कुठली गोष्ट?"

"चव्वेचाळीस सालची. तुम्ही तेव्हा आठ वर्षांच्या होतात ना..."

बघते तर चेस्टनटच्या झाडाखाली खुर्ची मांडलेली. समोर तीन पायांवर कॅमेरा. खुर्चीवर उशीसुद्धा ठेवली होती, माझ्याच घरातली.

"आगी, ही उशी कोणी दिली?" मी विचारलं. आगी माझी थोरली, सोल्नोकच्या शाळेत गणित शिकवते. ती म्हणाली, "आई, त्यांनी मागितली, मला वाटलं कोणाची तरी कंबर दुखतेय."

"त्याला सांग," मी युडिटला म्हटलं, "ज्याला इथे एकही ज्यू दिसला नाही, त्याला गोष्ट कोणाची हवी? ती गोष्ट मी माझ्या पोटच्या पोरींना सांगितलेली नाही. बोली झाली ती जेवणाची आणि दहा मिनिटांची. चला दफनभूमीत."

"मावशी, ते म्हणतायत, आधी जेवण, मग गोष्ट, मग वेळ उरला तर दफनभूमी. ड्रायव्हरला पाचच्या आत पेश्तला..."

"वेरा! क्लारी!" मी हाक मारली. "झाकणं ठेवा. सगळ्या पातेल्यांवर. फ्लोदनी आत न्या."

माझ्या मुलींना हाक दुसऱ्यांदा लागत नाही. अर्ध्या मिनिटात टेबल रिकामं. पोरांच्या हातात नुसत्या बशा. एक जाडगेला मुलगा फ्लोदनीच्या मागे चार पावलं चालत गेला.

"आता त्याला सांग, परत आल्यावर जेवण. ज्याला घाई आहे त्यानं भराभर चालावं."

लिपकिननं शिट्टी वाजवली. आणखी काय करणार?

दफनभूमी नदीच्या बंधाऱ्यापलीकडे आहे, दहा मिनिटांची वाट. पुढे मी, मागे बत्तीस मुली, चार मुलगे, माझं सगळं बायकांचं बिऱ्हाड, शेवटी म्हातारे. घोळका फाटकातून आत शिरला. आर्मिनची जागा पार आतल्या कोपऱ्यात, मक्याच्या शेताला लागून. थडग्याचा नवा दगड मीच बसवून घेतला होता. शांदोर भावजींनी पुस्तक काढलं, चष्मा पुसला. मी पुन्हा धरायला लागले. एक नाही, दोन नाही... नऊ नाही.

नऊ?

पुन्हा धरलं. नऊच.

"लायोश कुठे आहे?" मी ओरडले.

लायोश फाटकात उभा होता. आत नाही, बाहेर. रस्त्यावर. हात पाठीमागे बांधून.

"आत ये की रे! पाय दुखतायत का?"

"माल्विन," तो तिथून ओरडला, "मी कोहेन आहे!"

मला वाटलं जमीन मला गिळून टाकेल तर बरं. कोहेन म्हणजे जुन्या पुरोहित घराण्यातला. कोहेननं मेलेल्यांच्या जवळ जायचं नसतं, दफनभूमीत पाऊल टाकायचं नसतं. लहान पोराला ठाऊक असतं हे. पण चाळीस वर्षं मी लायोशला प्रार्थनाघरात बघतेय, नेहमी शेवटी धापा टाकत येणारा, नेहमी दहावा. त्याला मी कायम दहावा म्हणूनच धरला. तो उंबरठ्याच्या या बाजूला चालतो आणि त्या बाजूला चालत नाही, हे माझ्या डोक्यातून साफ गेलं. मागच्या वर्षीही तो फाटकातच उभा असणार. मी बघितलं नाही. मी फक्त खड्डा बघत होते.

"मग काल का नाही सांगितलंस?" मी ओरडले.

"चौऱ्याहत्तर वर्षं मी कोहेन आहे बाई! दर आठवड्याला सांगू?"

त्याचं बरोबर होतं, म्हणून मी आणखी चिडले. चूक माझी होती आणि ती छत्तीस पोरांपुढे, सगळ्या घरादारापुढे झाली होती. शांदोर भावजी पुस्तकावर बोट ठेवून माझ्याकडे बघत होते. ते बोट आता उचलणार, पुस्तक मिटणार, हे मला दिसत होतं.

तेव्हा मुलींच्या घोळक्यातून एक बुटकीशी, दातांना तारा लावलेली पुढे आली. टॅलिया तिचं नाव. ती युडिटशी काहीतरी बोलली. युडिट भाषांतर करायला तयार होईना.

"बोल गं!"

"ती म्हणतेय, मला धरा. त्यांच्या प्रार्थनाघरात मुलींनाही धरतात. तिनं तिच्या आजोबांसाठी वर्षभर कदिश म्हटलीये."

"ही तुझी अमेरिका नाही, बाळ," मी म्हटलं. आपोआप तोंडातून निघालं. सत्तर वर्षांची सवय.

"अगदी बरोबर," मोरित्स म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदा त्याला कंठ फुटला. "पुरुष नाहीत तर कदिश नाही. आर्मिनला स्वतःला हेच पटलं असतं. चला, ऊन फार आहे. थडग्यावर खडे ठेवा आणि जाऊ."

ऊन फार आहे. मोरित्सच्या बापाच्या तिथीला बर्फातून चार मैल सायकल हाकत आर्मिन गेला होता, दोन म्हाताऱ्यांना पुढेमागे बसवून. त्या दिवशी परत आल्यावर त्याची बोटं मी कोमट पाण्यात धरून बसले होते. ते दहाजण आमच्या स्वयंपाकघरात सूप प्यायले होते, आणि मी त्यांच्या मागे उभी राहून वाढत होते. मोरित्सनं दोनदा मागून घेतलं होतं.

"मोरित्स," मी म्हटलं, "आर्मिनला काय पटलं असतं ते मला सांगू नकोस. त्याची बायको मी होते, तू नाही."

"कायदा..."

"कायदा मला वाचता येत नाही. मला मोजता येतं. ये गं पोरी, इथे उभी राहा."

टॅलिया येऊन उभी राहिली.

मोरित्सनं टोपी घट्ट केली. "ती इथे उभी असेल तर मी इथे उभा राहणार नाही."

"मग नको राहूस. जा. आणि ज्याला ज्याला जायचंय त्यानं आत्ताच जा! जितके पुरुष जातील तितक्या मुली मी घेईन. बत्तीस आहेत माझ्याकडे!"

मोरित्स खरंच गेला. काठी टेकत फाटकाकडे गेला, मागे वळून न बघता. बेरनात एक पाऊल त्याच्यामागे गेला, मग माझ्या तोंडाकडे बघून परत आला. बहिऱ्या विल्मोशनं विचारलं, "झालं का?" शांदोर भावजींनी त्याला हातानं सांगितलं, थांब.

पुन्हा नऊ. आठ पुरुष आणि टॅलिया. मी वळले तर निळ्या सदऱ्यांमधल्या सगळ्या मुलींचे हात वर. बत्तिसातल्या एकतीस. पण माझ्या घरच्या दहाजणींपैकी एकीचाही हात वर नव्हता. त्या दगडाच्या मागे उभ्या होत्या, खाली माना घालून, पिशव्या धरून, जशा मी त्यांना लहानपणापासून उभ्या करत आले तशा. मागे राहा, बोलू नका, वाढायला लागा. ते शिकवणारी दुसरी कोणी नव्हती. मीच.

मला इतका संताप आला की मी आगीचं मनगट धरून तिला ओढलंच.

"आई! दुखतंय!"

"दुखू दे. बाप तुझा आहे ना? उभी राहा इथे." आणि मी शांदोर भावजींना म्हटलं, "ही दहावी. म्हणा."

भावजींनी पुस्तकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. भावजी मऊ माणूस. आयुष्यात माझ्यापुढे कधी बोलले नाहीत. आर्मिन असतानाही नाही.

"वहिनी," ते म्हणाले, "मी नाही म्हणणार."

"तुम्हीसुद्धा?"

"ऐका तर. ही आता धरलीच आहे ना तुम्ही? मग लेक समोर उभी असताना भावानं का म्हणायचं? लेकीनं म्हणावं."

मी आगीचं मनगट सोडलं.

"मला वाचता येत नाही काका," आगी म्हणाली. "ती हिब्रू अक्षरं मला येत नाहीत. आम्हाला शिकवलीच नाहीत."

शिकवली नाहीत कारण मुलींना कशाला, असं मी म्हटलं होतं. आर्मिन शिकवायला निघाला होता. मीच म्हटलं होतं, तिला शेंगा सोलू दे.

भावजी एकेक शब्द सांगायला लागले आणि आगी मागोमाग म्हणायला लागली. गणित शिकवणारी बाई, पन्नाशीला आलेली, पहिलीतल्या पोरीसारखी अडखळत होती. तिसऱ्या ओळीला भावजींचा आवाज बसला. तेव्हा टॅलिया पुढचा शब्द पुस्तक न बघता म्हणाली, आगीनं तो उचलला. मग शेवटपर्यंत ती पोरगी सांगत गेली आणि माझी पोरगी म्हणत गेली. आमेनच्या जागी आम्ही सगळे आमेन म्हटलं, बहिऱ्या विल्मोशनं थोडं उशिरा, आणि रस्त्यावरून लायोशनं एवढ्या मोठ्यानं की मक्यातले पक्षी उडाले.

मोरित्सनं म्हटलं नाही. मी कान देऊन ऐकत होते.

संपलं. आगीनं रीतीप्रमाणे थडग्याच्या दगडावर खडा ठेवला, बाकीच्या पोरी ओळीनं ठेवायला लागल्या. मी तिथे दोन श्वास उभी राहणार तोच युडिट बाजूला आली. चेहरा पडलेला.

"मावशी, मला बोलायचं नाहीये, पण ते सांगायला लावतायत. शूटिंग करणाऱ्या पोराचा कॅमेरा मधेच बंद पडला. ते म्हणतायत, फार सुंदर होतं, पुन्हा एकदा म्हणाल का? फक्त शेवटचा भाग."

"त्याला सांग," मी म्हटलं, "आर्मिन एकदाच मेला."

तिनं ते सांगितलं की नाही मला ठाऊक नाही. पण टॅलियानं इंग्रजीत लिपकिनला काहीतरी सुनावलं, बरंच लांब. त्यानं शिट्टी हातात धरली आणि वाजवली नाही. मला त्यातला एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं. त्या पोरीला मी नंतर फ्लोदनीचे तीन तुकडे वाढले. लिपकिनला एक, कडेचा.

फाटकाशी नळ आहे. दफनभूमीतून निघताना हात धुवायचे आणि टॉवेलला पुसायचे नाहीत, तसेच वाळू द्यायचे. मी हात धूत होते तर मोरित्स तिथे काठीवर दोन्ही हात ठेवून उभा.

"हे धरलं जाणार नाही, माल्विन," तो म्हणाला. हळू आवाजात, कोणी ऐकू नये म्हणून. "तू वाटेल ते कर. वर हे धरलं जाणार नाही."

"वरचं वर बघून घेतील. मी खाली दिलेला शब्द पाळला."

"दहा नव्हते."

मी ओले हात त्याच्या तोंडापुढे झटकले. त्यानं डोळे मिटले, मग उघडले.

"मोरित्स," मी म्हटलं, "तू बहात्तर वर्षांचा आहेस. तुझ्यामागे शांदोर भावजी असतील का, विल्मोश असेल का, बेरनात असेल का? लायोश तर फाटकातच उभा राहील. तुझ्या तिथीला मी कोणाला उभं करायचं, ते आत्ताच सांगून ठेव."

तो वळला आणि बंधाऱ्याच्या रस्त्याला लागला, जेवायलाही थांबला नाही. त्याला दोन मुलीच आहेत.